मंडईच्या दिवशीचा पेपर

दहा वाजेपर्यंत ओसरीखाली तेरा जोड चपला लागल्या आणि चंदाच्या अंदाजानं निम्मे पाहुणे अजून यायचेच होते. चपलांवरून माणूस ओळखण्यात तिचा हात धरणारं करडी गावात कोणी नव्हतं. टाचेला झिजलेल्या त्या आंबागडच्या गोदावरी आत्याबाईच्या, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीच्या. ती दोन दिवस राहणार आणि चार दिवसांचं बोलून जाणार. चकचकीत काळे बूट होते ते धाकट्या दिराच्या, धनंजयच्या, तुमसरच्या साडूचे. ते जेवणार कमी आणि नावं ठेवणार जास्त. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावानं सगळ्या सोयऱ्यांना एकाच दिवशी दिलेलं आवतण. चौकात दंडारीचं नाचगाणं, बाजार, कोणाच्या पोरीला कोणाचा पोरगा दाखवणं, आणि घराघरात पंगतीवर पंगत.

चंदानं या घरात एकोणीस मंडया काढल्या होत्या. एकोणीसही वेळा पहिली पंगत तिनं वाढली होती, कारण सासऱ्यांच्या, भय्याजींच्या, घरचा रिवाजच तसा होता. मंडईची पहिली पंगत मोठ्या सुनेच्या हातची. पंगत बसायची दोनला.

आणि तिचा पेपरही दोनलाच होता.

पेपरची तारीख महिन्यापूर्वी आली होती, मंडईची तारीख गावानं आठ दिवसांपूर्वी ठरवली. तेव्हापासून चंदानं घरातल्या चौघांना सांगून पाहिलं होतं. नवरा योगेंद्र म्हणाला, “बाबाजीले विचार.” बाबाजी, म्हणजे भय्याजी, म्हणाले, “पाहू.” जाऊ हर्षा म्हणाली, “हो का?” आणि सासू चंद्रभागाबाई लाखोळीची डाळ निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या. चार जणांना सांगितलं, उत्तर एकही नाही. चंदानं ते मनात टिपून ठेवलं. कोण कधी काय बोललं आणि कोण कधी गप्प बसलं, हे तिला वर्षानुवर्षं लक्षात राहायचं. संख्याशास्त्र तिला जड जावं, याचंच तिला आश्चर्य वाटे.

ती चुलीपाशी वड्यांची डाळ फेटत असताना धनंजय दारात उभा राहिला.

“वयनी, माडीवरचं तुमचं ते दुकान आवरा. साडूभाऊ थकून आले आहेत, त्याइले लेटाचं आहे.”

“भाऊजी, माडीचं मी आठ दिवसापासून सांगून राहिली. दोनले माहा पेपर आहे.”

“अजूनही पेपर?” धनंजयचा आवाज ओसरीपर्यंत जाईल इतका चढला. ऐकणारे नसले तर तो टोमणा मारण्याचे श्रम घेत नसे. “अवो वयनी, ॲडमिशन कुठं आहे तुमची? कालेज नाही, रोल नंबर नाही, अन् पेपर! लगन न लागता सासरी जाऊन भांडे घासून राहिल्या तुम्ही!”

ओसरीवर हशा पिकला. त्यात साडूचं हसणं सगळ्यात लांब चाललं.

चंदा डाळ फेटत राहिली. हा टोमणा नवा होता, हे तिला कबूल करावं लागलं. आधीचे पाच जुनेच फिरवून फिरवून यायचे. विद्यापीठाची योजनाच मुळी तशी होती: ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, त्यांनी आधी चार विषय घरबसल्या ऑनलाइन शिकायचे, चारही पास व्हायचे, मग पदवीला प्रवेश, आणि ते चार विषय पुढे पदवीतही धरले जाणार. बारावी विज्ञानानंतर वीस वर्षांनी चंदानं मराठी काढलं, पर्यावरण काढलं, संगणकही काढला. संख्याशास्त्र मे महिन्यात तीन गुणांनी राहिलं. पन्नासात पंचवीस पाहिजे होते, बावीस आले. संधी दोनच होत्या. आजचा पेपर गेला तर आधीचे तिन्ही विषय पाण्यात आणि पदवीचं दार बंद. हे तिनं धनंजयला तीनदा समजावलं होतं. तिन्ही वेळा त्यानं शेवटी विचारलं होतं, “पण ॲडमिशन?”

हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन ती ओसरीच्या दाराशी आली. आज चौघांना वेगवेगळं विचारून भागणार नव्हतं.

“बाबाजी, पंगत दोनले आहे अन् माहा पेपर दोन ते चार आहे. मी काय करू, ते सांगा.”

भय्याजी खाटेवर बसले होते. एकेकाळी गावचे तंटे याच खाटेवर मिटायचे. आता तंटे तहसिलीत जात, पण बसण्याची ढब राहिली होती. “पेपर दुसऱ्या दिवशी नाही होत का?”

“नाही होत.”

“मंग पंगतही दुसऱ्या दिवशी नाही होत,” गोदावरी आत्याबाई पानाला चुना लावत म्हणाली. “मोठ्या सुनेनं सोयरे टाकून खोलीत बसाचं? आमच्या आंबागडले असं झालं असतं तं सोयरे उठून गेले असते.”

“तू काय म्हणतोस, योगेंद्र?” भय्याजींनी विचारलं.

“तुम्ही म्हणान ते,” योगेंद्र म्हणाला. या एका वाक्यावर त्यानं वीस वर्षं संसार केला होता आणि अजून त्याला दुसऱ्या वाक्याची गरज पडली नव्हती. चंदानं त्याच्याकडे पाहिलं. तो खाली पाहत होता, पण बायकोच्या पायांकडे. एवढं तरी.

“हर्षा वाढून घेईन ना?” भय्याजी म्हणाले.

“ते धाकटी आहे,” आत्याबाई म्हणाली. “रिवाज रिवाज असते, दादा.”

“अन् हर्षाच काहून?” धनंजय म्हणाला. “जिची ॲडमिशनच नाही, तिच्या पेपरसाठी माह्या बायकोनं एकटीनं खपाचं?”

आतून कढईवर झाकण ठेवल्याचा आवाज आला आणि चंद्रभागाबाई बाहेर आल्या. हाताला डाळीचं पीठ, कपाळावर घाम.

“धना,” त्या म्हणाल्या, “आपण परे कुठं टाकतो गा?”

“कुठं म्हणजे? विहिरीजवळच्या बांधीत. तिथं रोपं वाढले का मंग उपटून रोवतो.”

“अन् धान कुठं होते?”

“सगळ्याच बांध्याइत. काहून?”

“मंग परे टाकते वक्ती तू मले कधी विचारलं नाही, का माय, रोवणी कुठं आहे तुही? परे जमले तं रोवणी. नाही जमले तं बांध्या तशाच. तिनं चार बांध्याइचे परे टाकले, तीन जमले. चौथा आज पायजे. एवढं समजाले तुले कालेज लागते का?”

साडू पुन्हा हसले. या वेळी दुसऱ्या बाजूनं. धनंजयच्या हे ध्यानात आलं.

“ते ठीक आहे, वयनी,” आत्याबाई म्हणाली, “पण पंगत?”

“पंगत मोठ्या सुनेच्या हातची ना?” चंद्रभागाबाईंनी पदर कमरेला खोचला. “मंग मी कोण आहो या घरची?”

“सासू आहेस,” भय्याजी म्हणाले.

“सासू हिची. या घरची तं मी मोठी सूनच आहो. तुमची माय गेली म्हणून माही सुनगिरी गेली का? सव्वीस मंडया वाढल्या मी, हे यायच्या आधी. सत्ताविसावी आज वाढतो. कोणाले उठून जाचं असन तं आत्ताच सांगा, तेवढे वडे कमी तळतो.”

गोदावरी आत्याबाईनं पान तोंडात टाकलं, म्हणजे हरकत मागे घेतली. भय्याजींच्या मिशीत काहीतरी हललं.

“ठरलं तं मंग,” ते म्हणाले, जणू त्यांनीच ठरवलं होतं.

चुलीपाशी परत आल्यावर चंदानं हळूच विचारलं, “आई, आठ दिवस तुम्ही काहीच बोलल्या नाही?”

“आठ दिवसाआधी बोलली असती तं ह्याइले बोलाले आठ दिवस भेटले असते,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “जाय, आंग धू. तेलाचा वास घेऊन पेपरले बसते का कोणी?”

वीस वर्षांत सासूबद्दल चंदानं मनात बरंच काही लिहून ठेवलं होतं. त्यातलं किती पुसावं लागणार, याचा तिला न्हाणीत अंग धुताना अंदाज येईना.

ती माडीवर गेली तेव्हा साडूभाऊ तिच्या वह्या उशाशी घेऊन घोरत होते. पाऊण वाजला होता. जिन्यात हर्षा उभी होती.

“माही खोली घ्या, ताई.”

चंदा थांबली. हर्षा तिच्याविरुद्ध कधी बोलली नव्हती, पण बाजूनं बोलल्याचंही आठवत नव्हतं. “भाऊजी काय म्हणतीन?”

“ते जे म्हणतीन ते मी आठ वर्षापासून ऐकून राहिली.” हर्षानं इकडेतिकडे पाहिलं. “माही बी.ए.ची डिग्री कुठं आहे, मालूम आहे का तुमाले? कपाटात, साड्याइच्या खाली. वर ठेवली का याइले राग येते. सोता दुसऱ्या वर्षाले कालेज सोडलं ना. घरात एकीची लपवून ठेवली, आता दुसरीचीही लपवाची का?”

हर्षानं उत्तराची वाट पाहिली नाही. तिनं खोलीतलं टेबल खिडकीपासून दूर ओढलं, त्यावर चंदाच्या लेकीनं नागपूरला नर्सिंगला जाताना सोडलेला जुना लॅपटॉप मांडला आणि चार्जर लावला. मग दोघी पडद्यावरच्या गोल गोल फिरणाऱ्या चाकाकडे पाहत राहिल्या. गावात टॉवर एक आणि मंडईला आलेल्या प्रत्येकाच्या खिशात फोन.

“याइच्या फोनात दुसऱ्या कंपनीचं सिम आहे,” हर्षा म्हणाली आणि खाली गेली. पाच मिनिटांनी धनंजयचा फोन घेऊन वर आली. खालून धनंजयचा आवाज येत होता, “माहा फोन कोणी पाह्यला का गा?” हर्षानं जिन्यातूनच ओरडून सांगितलं, “चार्जिंगले लावला!” आणि चंदाकडे पाहून फोन लॅपटॉपला जोडला. चाक थांबलं. पान उघडलं.

दोनला पाच मिनिटं असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उजळला आणि त्यात चष्मा लावलेला एक तरुण दिसला. तो पर्यवेक्षक. त्यानं नियम वाचून दाखवले: खोलीत दुसरं कोणी नको, बोलायचं नाही, नजर पडद्यावर. बाहेरचा गोंगाट चालेल, खोलीतला नाही. दोन सूचना मिळतील, तिसऱ्या वेळी पेपर रद्द. चंदानं मान हलवली. जिन्याकडच्या दाराला कडी होती, ती तिनं लावली. मागच्या सज्ज्याकडून, विहिरीच्या बाजूनं वर येणारा दुसरा जिना होता. त्या दाराला कडी नव्हती. पण तिकडून कोण येतं?

चौकातून दंडारीच्या ढोलकीचा आवाज येत होता. खाली पंगत बसली, चंद्रभागाबाईंचा आवाज, “घ्या घ्या, लाजू नोका!” पहिले दहा प्रश्न चंदानं ओळीनं सोडवले. सरासरी, मध्यक, बहुलक. पुस्तकात ते विद्यार्थ्यांच्या उंचीवर असत. तिनं ते पंगतीत उठलेल्या वड्यांवर घासून घेतले होते. साडू दोन, आत्याबाई सात, मधल्यानं खाल्लेले चार. असं धरलं की कोडं सुटायचं. मे महिन्यात तिनं पुस्तकाच्याच उंच्या धरल्या होत्या आणि बावीस आले होते.

चौदाव्या प्रश्नावर मागचं दार उघडलं.

गोदावरी आत्याबाई पंगत टाळून दंडार पाहायला गेली होती आणि विहिरीवर पाय धुऊन मागच्या जिन्यानं वर आली होती. तिनं पाहिलं, तर मोठी सून नटून बसलेली आणि समोर परका पाहुणा. आत्याबाईनं चटकन डोक्यावर पदर घेतला.

“रामराम पाव्हने,” ती पडद्याला म्हणाली.

“मॅडम, तुमच्या खोलीत दुसरी व्यक्ती दिसते आहे,” पर्यवेक्षक म्हणाला. “ही पहिली सूचना.”

आत्याबाई गेली. चंदानं पंधरावा प्रश्न उघडला, तोच आत्याबाई परत आली. एका हातात वड्यांची ताटली, दुसऱ्या हातात पाण्याचा गिलास. दोन्ही तिनं लॅपटॉपपुढे मांडले.

“करडीच्या मंडईत आलेला माणूस उपाशी जात नाही. घ्या जी. का वं चंदा, पाव्हन्याले पाणी तरी इचारलं का नाही?”

“मॅडम, ही दुसरी सूचना. आता पुन्हा झालं तर मला पेपर बंद करावा लागेल.”

“याले आयकू येते ना? मंग खाते काहून नाही?”

चंदाला बोलता येत नव्हतं. बोललं की तिसरी. वळून हातानं बाहेर काढलं तर नजर पडद्यावरून हटणार, तीही तिसरीच. तिनं पडद्याकडेच पाहत, जागच्या जागी, दोन्ही हात जोडले. वर नेऊन कपाळाला लावले. तसेच धरून ठेवले.

आत्याबाईनं त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. साठ वर्षांत कुठल्या सुनेनं तिला असा मुकाट नमस्कार केला नव्हता. काहीतरी मोडायला आलं आहे आणि ते आपल्या हातून, एवढं तिला कळलं. ती एक अक्षर न बोलता, आली तशी उलट्या पावलांनी गेली आणि दार इतकं हळू लावलं की ते लागलेलं चंदाला कळलंच नाही.

“पुढे चालू ठेवा,” चौकोनातला तरुण म्हणाला.

चंदाचं निम्मं लक्ष मागच्या दारावर होतं. पंधरावा चुकला असणार. सोळावाही. सतराव्यापाशी तिला दाराबाहेर आवाज ऐकू आले आणि तिची बोटं थांबली.

“कोठी चालला?” ती आत्याबाई होती. मागच्या जिन्यावर.

“माहा फोन आतमधी आहे,” धनंजय म्हणाला. “दंडार मंडळाचे लोक शोधून राहिले मले.”

“आतमधी सून पेपर लिहून राहिली.”

“मले मालूम आहे, आत्या. एक मिंट.”

“एक मिंट नाही. अर्धा नाही. तुह्या एका मिंटानं तिचे तीन परे मरतीन. माह्यानं मरता मरता वाचले. इथंच बसतो मी चार वाजेपर्यंत. तुले जाचं असन तं माह्या आंगावरून जाजो.”

मग पायऱ्या उतरल्याचा आवाज. मग काहीच नाही. थोड्या वेळानं भय्याजी आले असावेत, कारण आत्याबाई म्हणाली, “दादा, तू घरचा मालक असशीन. दरवाजाची मालकीण आत्ता मी आहो.”

चंदा हसली नाही, कारण कॅमेरा होता. पण मागच्या दाराकडचं तिचं लक्ष सुटलं. सतरावा सुटला, अठरावा सुटला. शेवटच्या दहांत दोन ठिकाणी ती खरंच अडली, बाकीचे तिनं पंगत वाढल्यासारखे एका हातानं सोडवले. चारला तीन मिनिटं असताना तिनं ‘जमा करा’ दाबलं.

“मॅडम, पेपर पोहोचला,” चौकोनातला तरुण म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. “आजींना माझा नमस्कार सांगा. वडे थंड झाले असतील.” आणि चौकोन विझला.

पडदा पांढरा झाला. चाक फिरलं. पर्याय निवडायचा पेपर असला की गुण तिथल्या तिथं येतात, हे तिला मे महिन्यापासून माहीत होतं. तेव्हा ते बघताना तिनं डोळे मिटले होते. या वेळी मिटले नाहीत.

पन्नासपैकी चौतीस.

खाली एक हिरवी पट्टी: पदवी प्रवेशासाठी पात्र. पुढे जा.

चंदा पुढे गेली. नाव, गाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. आधीचे चार विषय आपोआप भरून आले, एकाखाली एक, चारहींपुढे बरोबरची खूण. तिला काही लिहावंच लागलं नाही. एवढी दोन वर्षं लिहिलं होतं, ते तिथं जाऊन बसलं होतं. अर्ज स्वीकारला गेला, रोल नंबर आला. तो तिनं मोठ्यानं वाचला, मग आणखी एकदा, आणि मगच मागचं दार उघडलं.

आत्याबाई पायरीवरच बसली होती, पान न खाता. “चार वाजले का?”

“वाजले, आत्याबाई.”

“झालं?”

“झालं. भरती झाली.”

आत्याबाई उठताना गुडघे धरून उठली आणि उभी राहिल्यावर एकदम जिन्यावरूनच ओरडली, “वयनीऽ! चौथा जमला वोऽ!”

मग जे झालं ते एका दमात झालं. चंद्रभागाबाई हातातला झारा घेऊनच वर आल्या आणि झारा हातात असल्यामुळे त्यांना चंदाला जवळ घेता येईना, म्हणून त्यांनी तिच्या गालाला डाळीच्या पिठाचा हात लावला. हर्षानं रोल नंबर आपल्या हातावर पेनानं लिहून घेतला, का ते तिलाच ठाऊक. योगेंद्र पंगतीच्या पत्रावळी उचलत होता. तो त्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “मले वाटलंच होतं.” बाबाजींना न विचारता त्यानं दिलेलं ते पहिलं मत होतं.

भय्याजी पागोटं बांधून चौकाकडे निघाले. दहा मिनिटांनी ढोलकी थांबली आणि भोंग्यातून आवाज आला:

“ऐकाऽ! करडीचे भय्याजी, यांच्या मोठ्या सूनबाई चंदाबाई कालेजात भरती झाल्याच्या आनंदात, दंडार मंडळाले एक कट्टा धानऽ!”

ढोलकी कडाडली. टाळ्या पार मागच्या गल्लीपर्यंत आल्या.

“पोतंभर धान कोणाले विचारून देलं?” चंद्रभागाबाई म्हणाल्या, पण झारा घेऊन दारातच उभ्या राहिल्या, भोंगा पुन्हा बोलतो का ते ऐकत. तो पुन्हा बोलला. भय्याजींनी दोनदा सांगायला लावलं होतं.

दिवे लागायच्या वेळेला घर रिकामं झालं. पाहुणे दंडारीकडे, हर्षाही नवी साडी नेसून गेली. चंदा टेबलावरचं आवरत होती. धनंजय दारात आला. त्याच्या येण्याचा आवाज आज ओसरीपर्यंत गेला नसता.

“फोन देता का, वयनी.”

तिनं फोन दिला. तो घेऊनही धनंजय गेला नाही. अंगठ्यानं फोनची काच पुसत राहिला.

“ते विद्यापीठ,” तो म्हणाला, “पहिल्या वर्षाचे मार्क असले, जुने, चौदा वर्षाआधीचे, तं ते धरते का? का आधी चार विषय काढाच लागते?”

गेल्या पोळ्यापासून या माणसाचे एक्केचाळीस टोमणे चंदाकडे जमा होते. भांड्यांचा बेचाळिसावा. तारखेसकट. ते सगळे एकदम तिच्या जिभेवर आले आणि त्यातला प्रत्येक आता तिच्या कामाचा होता. ती तो सगळा ढीग पाहत क्षणभर उभी राहिली, आणि तिला एवढंच सुख झालं की आज तो खर्च करण्याची गरज पडत नव्हती.

तिनं लॅपटॉप परत उघडला आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बसा, भाऊजी,” ती म्हणाली. “जन्मतारीख सांगा.”